अण्णांच्या खिशातला चाकू

कापलेल्या रबराचा वास आला, की दुष्काळातली ती सकाळ आठवते. सोसायटीच्या टँकरचा रबरी पाइप कुणीतरी कापला होता, कापाचा उग्र वास सुटला होता आणि गावाचे पाणी मातीत मुरले होते.

आदल्याच दिवशी माझे वडील, अण्णा, पाण्याच्या पाळीवरून चेअरमनशी भांडले होते. त्यातून त्यांना घडीचे चाकू जमवण्याचा नाद. एक कायम बंडीच्या खिशात.

"अण्णा, धार लई हाय म्हनं तुमच्या चाकूला!" पारावर कुणीतरी हसत म्हणाले. बाकी कुणीच हसले नाही.

घरी माझी नजर त्यांच्या खिशावरून हलेना. अण्णांनी ते ओळखले. खटकन चाकू उघडून त्यांनी थंडगार पाते माझ्या नाकाशी धरले. तेव्हा तो शांतपणा मला सराईताचा वाटला; आज दुखावलेल्या बापाचा वाटतो. ते एवढेच म्हणाले,

"हुंग."