मामीची हिरवी सवत

माझा मामा फुटबॉल कधी खेळला नाही. त्याला त्यातलं फारसं कळायचंही नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मी त्याला किती वेळा समजावलं असेल, पण तो मान डोलवायचा आणि पुन्हा गवताकडे बघायला लागायचा. गावातल्या क्लबाचं मैदान सांभाळणं हे त्याचं काम. लोक चेंडूकडे बघायचे, हा खेळाडूंच्या बुटांकडे. कुणी घसरत जाऊन गोल वाचवला की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मामा कपाळाला हात लावून म्हणायचा, "गेली ती पट्टी."

मी त्याच क्लबाच्या तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे हे सगळं मी जवळून बघितलंय. सख्खी भाची मी एकटीच, पण खेळाडूंपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणायचे.

हंगाम संपला की मामा मैदान बंद करायचा. बी पेरायचा, वर बारीक माती पसरायचा आणि त्यानंतर त्यावर कुणाचंही पाऊल पडलेलं त्याला खपायचं नाही. क्लबाचे जुने अध्यक्ष, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, मोठा आडदांड माणूस, पण तेही कडेच्या पांढऱ्या रेघेशी थांबून विचारायचे, "मामा, येऊ का आत?" मामा नाही म्हणायचा. अध्यक्ष निमूट परत जायचे.

मामी त्या मैदानाला सवत म्हणायची. "दुसऱ्यांच्या सवती नटूनथटून तरी असतात," म्हणायची, "माझी मेली नुसती हिरवी." पण पेरणीच्या दिवसांत डबा घेऊन यायची तीच, आणि प्रेक्षकांच्या बाकावर बसून पाखरं हाकलायचीही तीच. मूलबाळ झालं नाही त्यांना. मामी आजारी पडली तेव्हासुद्धा आधी पाणी घातलंस का विचारायची आणि मग औषध घ्यायची. ती गेल्यावर मामाचं घर म्हणजे नुसती झोपायची जागा झाली. उजाडलं की मैदानात, अंधार पडला की घरी. मी त्याला चिडवायचे की सवतच जिंकली. तो हसायचा. पण मला मनातून भीती वाटायची, की हे मैदान उद्या हातचं गेलं तर हा माणूस दिवसभर करेल काय.

मग अध्यक्ष थकले, स्टँडचं छप्पर गळायला लागलं, आणि त्यांनी क्लब एका कंपनीला विकला.

ही कंपनी काय बनवते असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. काही बनवत नाही म्हणे. लोक कोंबड्या पाळतात तशी ती क्लब पाळते. या देशात एक, त्या देशात एक, असे पाच. सगळ्यांचा मालक एक, सगळ्यांच्या तिकिटांवर खाली तेच छोटं चिन्ह. त्यातला एक क्लब मोठा, नावाजलेला, कंपनीचा लाडका. आम्ही शेंडेफळ, पण लाडाचं नव्हे. आमच्याकडे कंपनीनं एक साहेब बसवला. त्याला आम्ही टायवाले म्हणायचो, कारण उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात टाय असायचा. माणूस वाईट नव्हता, हे मला नाइलाजानं सांगावं लागतंय.

टायवाल्यांनी आल्या आल्या सांगितलं की लहान क्लबांची मैदानं कंपनी बदलणार आहे. खरं गवत काढून खोटं अंथरायचं, प्लास्टिकचं. त्याला पाणी नको, विश्रांती नको, सकाळपासून रात्रीपर्यंत भाड्यानं देता येतं. पुढच्या उन्हाळ्यात आमची पाळी. मामाला गेटवर बसायची नोकरी मिळणार होती. त्या दिवशी मामानं डबासुद्धा उघडला नाही.

आणि त्याच वर्षी आमचा संघ जिंकत सुटला. का, ते मला विचारू नका. आदल्या वर्षी खालच्या गटात जाता जाता वाचलेली तीच पोरं, तोच सदा चिडलेला प्रशिक्षक. पण एकामागून एक सामने खिशात घालत आम्ही वर चढलो, आणि शेवटच्या सामन्यात देशोदेशींच्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळवली. आमच्या क्लबाच्या जन्मात पहिल्यांदा. गावानं आभाळ डोक्यावर घेतलं. माझ्या खिडकीपुढे रांग लागली आणि ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं ते म्हातारे माझ्याशी चक्क थट्टामस्करी करायला लागले.

मामाला मात्र एकाच गोष्टीचा आनंद होता. त्या स्पर्धेचा नियम असा, की खेळायचं तर खऱ्या गवतावर. टायवाले स्वतः चालत रेघेपर्यंत आले आणि म्हणाले, "मामा, तुमचं गवत राहिलं." मामानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. साहेबांना कळेना काय करावं.

इथे मामानं जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यानं सगळं जुनं गवत खरवडून काढलं. एका गोलजवळ पाणी साचायचं, खालची जमीन दगडासारखी झाली होती, आणि ती उकरायला तो कित्येक वर्षं परवानगी मागत होता. ती आता मिळाली. मी म्हटलं, अरे मामा, आहे ते काय वाईट आहे, कशाला उगाच हात घालतोस. तर म्हणाला, पाहुणे येणार, त्यांना फाटक्या चादरीवर निजवू का? एवढ्या वर्षांचं गवत त्यानं मुळासकट उपटलं, जमीन नांगरली, सारखी केली आणि नवं बी पेरलं. मामी नव्हती म्हणून पाखरं हाकलायला दुपारच्या सुटीत मी जाऊन बसायचे. बाहेरून बघणाऱ्याला ते मैदान नुसतं बोडकं दिसायचं. मामाला त्यात काय दिसायचं ते त्यालाच ठाऊक. त्या दिवसांत तो गुणगुणायचासुद्धा, आणि अगदी बेसूर.

कोंब नुकते वर आले होते तेव्हा बातमी आली.

कंपनीचा लाडका क्लबही त्याच स्पर्धेत पोचला होता. आणि एका मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत खेळू शकत नाहीत, उद्या समोरासमोर आले तर मालक कुणाला जिंकवेल, म्हणून. दोघांतला आपल्या देशात वरच्या क्रमांकावर आलेला राहणार, दुसरा बाहेर. दुसरे आम्ही. याला पळवाट होती. हंगाम संपण्याआधी ठरलेल्या मुदतीत एका क्लबाची मालकी कागदोपत्री वेगळी करून ठेवली की दोघंही खेळू शकतात. आपल्या दुसऱ्या दोन क्लबांसाठी कंपनीनं तसं करूनही ठेवलं होतं. आमच्यासाठी केलं नव्हतं.

टायवाल्यांनी सगळ्या कामगारांना जेवणाच्या खोलीत बोलावून हे सांगितलं. माझं डोकं असं फिरलं की मी त्यांना नाही नाही ते बोलले. नोकरी गेली तर गेली म्हटलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मामा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कधी नव्हे तो हात वर केला आणि शाळेतल्या पोरासारखं हळूच विचारलं, "साहेब, मग आमचेच कागद करायचे का राहिले?"

टायवाल्यांनी खाली बघितलं. "खरं सांगू का मामा," ते म्हणाले, "तुम्ही इथवर याल असं तिथं कुणाला वाटलंच नव्हतं."

मला वाटतं, शिवी दिली असती तरी इतकी लागली नसती. ज्यांनी विकत घेतलं त्यांनीच आम्हाला कधी मोजलं नव्हतं.

मग प्लास्टिकचं ठरलंच. उलट लवकर ठरलं, कारण जुनं गवत आधीच निघालेलं, जमीन सारखी केलेली. कंपनीचा इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, वा, आमचं निम्मं काम झालंय. हे मामासमोर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी मामाकडे बघायचं टाळलं.

मामानं कंपनीकडे एकच मागणं केलं: नव्या गवताची पहिली कापणी होईपर्यंत थांबा. कापल्याशिवाय गवत जमीन धरत नाही, ते नुसते कोंब. टायवाल्यांनी वर फोन लावले, विनवण्या केल्या, आणि थोडे दिवस मिळवून दिले. म्हणून मी म्हटलं, माणूस वाईट नव्हता.

ते थोडे दिवस मामानं जे काम केलं, ते बघून मला त्याचा रागच आला. उद्या ज्यावर यंत्र फिरणार त्याला पाणी, खत, एकेक तण वाकून उपटणं. गुडघे सुजले होते. मी म्हटलं, कुणासाठी करतोयस हे, मामा? वेड लागलंय का तुला? तो पाण्याची नळी सरकवत म्हणाला, "अर्धवट कसं सोपवू गं? पुरतं वाढू दे तरी."

शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं कापणी केली. एक पट्टा जाताना, एक येताना, फिका आणि गडद. संपल्यावर यंत्र पुसून खोलीत ठेवलं, किल्ली टायवाल्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी ते लोक आले. दुपारपर्यंत सगळं खरवडून झालं होतं. कोवळी मुळं, त्यांना वेळ लागलाच नाही. मी मैदानाकडची झडप लावून आत बसले आणि पुढच्या खिडकीतून लोकांचे तिकिटांचे पैसे परत करत राहिले.

गेटवरची नोकरी मामानं घेतली नाही. घरी बसला. दिवसाउजेडी घरात काय करतात हे त्याला माहीतच नव्हतं. मी कामावरून सुटले की जायचे, तर हा पलंगाच्या कडेला असा बसलेला असायचा जणू कुणीतरी बोलवायला येणार आहे.

स्पर्धा सुरू झाली त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. कंपनीच्या लाडक्या क्लबाचा सामना टीव्हीवर होता, त्यांच्याच मैदानावर. मी लावणार नव्हते, पण मामानंच लावायला सांगितलं. खेळाडू बाहेर यायच्या आधी कॅमेरा रिकाम्या मैदानावरून सावकाश फिरला. गडद हिरवं, गुळगुळीत, कुठे एक डाग नाही. माझ्या तोंडात शिवी आली. बंद कर म्हणून मी उठले, तर मामानं हातानं थांबवलं. तो पुढे सरकून बसला होता.

"कुणीतरी जिवापाड राखलंय गं," तो म्हणाला. "वाचलं त्याचं. बरं झालं."

आणि मग तो रडायला लागला. मामी गेली तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. टीव्हीवर खेळाडू मैदानात आले आणि पळायला लागले, आणि मामा डोळे पुसत त्यांच्या बुटांकडे बघत म्हणाला, "माझंही असंच आलं असतं. अगदी असंच."