न ऐकलेले चार शब्द

"चादर," मी म्हणालो. पुढचे चार शब्द दुर्गानेच सांगून टाकले, "लिंबू, विळा, रेल्वे, पोपट."

वा, स्मरणशक्ती उत्तम! मी खूश होऊन पुढच्या तपासणीकडे वळलो, आणि थबकलो. हे चार शब्द मी अजून उच्चारलेच नव्हते.

तिरोडा तालुक्यातली महिला कबड्डी स्पर्धा, मी ड्युटीवरचा डॉक्टर. सेमीफायनल जिंकता जिंकता दुर्गाचं, म्हणजे संघाच्या मुख्य रेडरचं, डोकं पकडीत कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. रक्त नाही, टेंगूळ नाही. पण कन्कशन म्हणजे मेंदूला आतून बसलेला हादरा. तो वरून दिसत नाही. म्हणून मान, डोळे, तोल आणि आठवण तपासायची. आठवणीसाठी पाच शब्द सांगून परत म्हणून घ्यायचे. शब्द दर वेळी बदलायचे असतात. मी आळशी, अख्खा सीझन हेच पाच फिरवले.

"कोणी पाठ करून घेतले?"

दुर्गाने कोचकडे पाहिलं. कोचने आभाळाकडे.

"काऊन जी डॉक्टरसाहेब, हुशार पोट्टीवर शक घेऊन राहिले? फायनल हाय, निवडवाले येऊन बसले. सोडा न तिले!"

"दुर्गा, शेवटचा पॉइंट कोणाचा?"

"माहाच."

स्कोअररने नकारार्थी मान हलवली. त्या पकडीचा पॉइंट समोरच्या संघाला गेला होता.

आता तोल. "टाच अंगठ्याला चिकटवत रेषेवरून चालायचं. असं." मी करून दाखवलं, आणि चौथ्या पावलाला थेट कोचच्या अंगावर गेलो.

"आता डॉक्टरलेच बसवा बाहेर!" कोच ओरडला. प्रेक्षकांना सेमीफायनलपेक्षा हे आवडलं.

दुर्गाही हसली. हसता हसता तिने कपाळ धरलं.

मी तिला एका पायामागे दुसरा ठेवून, हात कमरेवर, डोळे मिटून उभं केलं. तिसऱ्या सेकंदाला ती कलली. मी दंड धरला.

"जमीनच उतरती हाय," कोच.

"मग तुम्ही उभे राहा इथं."

राहिला. वीस सेकंद, खांबासारखा. डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बस बाई," तो दुर्गाला म्हणाला. "नाही खेलाचं आज."

दुर्गा रडली. संघ फायनल हरला, तिची निवड हुकली. जीपमधून गोंदियाला नेताना तिला उलटी झाली, आणि तिने तीनदा विचारलं, "फायनल कधी हाय जी?"

स्कॅन साफ निघाला. महिन्याभराने ती सरावाला परतली. माझ्याशी मात्र अजून बोलत नाही. बोलणारी खेळाडू हवी की धड डोक्याची, हे डॉक्टरने मैदानात उतरण्याआधीच ठरवून ठेवावं.