डबकेबाई

शाळेच्या मागे, टाकीच्या गळक्या नळाखाली, जमीन खचून एक डबकं झालं होतं. विज्ञानाच्या बाई पाचवीच्या मुलांना घेऊन निम्मा वेळ तिथेच असायच्या, म्हणून सगळी शाळा त्यांना डबकेबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं.

मुलं काठावर पालथी पडून पाण्यात बघायची. बेडकाच्या पिल्लांना पाय फुटले की नाही, यावर भांडायची. बाईंना हे फार आवडायचं. पण त्यापायी जे ऐकावं लागायचं, त्याने त्या पार वैतागून गेल्या होत्या. कुणाचा गणवेश माखला, डबकं. कुणाला शिंक आली, डबकं. घरी नवरा औषधांच्या दुकानातून दमून यायचा आणि हिची गाऱ्हाणी ऐकत जेवायचा. शेवटी तोही म्हणायचा, की चारचौघींसारखं पुस्तकातून शिकव ना बाई.

पालकसभेत एका मुलीची आई उठली. ती दातांची डॉक्टर होती. मुलीच्या पायावर डास चावल्याचे फोड आहेत, डबकं बुजवा, असं तिने ठणकावून सांगितलं. बाईंनी समजावलं, की या पाण्यात डासांच्या अळ्या फारशा टिकत नाहीत, कारण चतुराची पिल्लं त्या खातात. चतुर, म्हणजे पावसाळ्यानंतर मैदानावर भिरभिरतात ते, त्यांची पिल्लं पाण्यातच वाढतात. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, की बुजवणार कधी?

मुख्याध्यापक उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांनी डबकं बुजवलं नाही, नळही दुरुस्त केला नाही. माळ्याला सांगून पाण्यात फिनेलचा अख्खा कॅन ओतवला.

सोमवारी मुलं धावत गेली तर बेडकाची पिल्लं पोट वर करून तरंगत होती. काही मुली रडल्या. बाई तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. ते म्हणाले, मुलांना व्हिडिओ दाखवा, छान छान मिळतात. बाई तशाच पाय आपटत बाहेर पडल्या. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

नळ गळतच होता. फिनेल हळूहळू वाहून गेलं, पाणी निवळलं, आणि सगळ्यांत आधी त्यात आले ते डास. खाणारं कुणी उरलंच नव्हतं. पाणी अळ्यांनी नुसतं वळवळायला लागलं, वर्गात मुलं पाय खाजवत बसू लागली. मुख्याध्यापकांनी माळ्याला पुन्हा फिनेल आणायला पाठवलं. तेव्हा मात्र बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला, सर. डास तुम्हीच पाळलेत. पालकसभेपर्यंत थांबा. नाही पटलं, तर मी स्वतः ओतते."

रविवारी त्यांनी नवऱ्याला उठवलं आणि स्कूटरवरून गावाबाहेरच्या कालव्यावर नेलं. तो कुरकुरला, पण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चहाची गाळणी घेऊन पाण्यात उतरला. बऱ्याच वेळाने एक चपटं, मातकट, सहा पायांचं ध्यान गाळणीत आलं. हेच का ते चतुराचं पिल्लू, असं त्याने विचारलं. बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

सभेच्या दिवशी सकाळी मुलांनी दोन बरण्यांत डबक्यातलं पाणी भरलं, अळ्यांसकट. एकीत ते ध्यान सोडलं. दुपारी पालक जमले तेव्हा एक बरणी तशीच वळवळत होती. दुसरीत शेवटच्या दोन-चार अळ्या उरल्या होत्या. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून जवळ आल्या. बरणीच्या तळाशी बसलेल्या पिल्लाने खालचा ओठ हातासारखा झटकन पुढे टाकला, एक अळी ओढली आणि चावायला लागलं.

"जबडा तर बघा," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि चष्मा लावून वाकल्या. त्यांची मुलगी शेजारी उभी राहून त्यांना सगळं सांगत होती. सभा सुरू झाली तरी त्या जागेवर गेल्या नाहीत.

फिनेल थांबलं. कालव्यातून आणखी पिल्लं आणून डबक्यात सोडली. डास अगदी गेले नाहीत, पण कमी झाले, आणि तक्रारीही.

मात्र बाईंचं डोकं शांत झालं असं कुणी समजू नये. पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना डबकं दाखवून 'आमचा उपक्रम' म्हणून भाषण ठोकलं. डबक्याभोवती तारेचं कुंपण घातलं, त्याला कुलूप लावलं, आणि किल्ली आपल्या खणात ठेवली. बाई रोज ती मागायला जातात आणि रोज ते विचारतात, "आज पुन्हा?"

"हो, आज पुन्हा," बाई म्हणतात, आणि किल्ली हातात पडेपर्यंत टेबलासमोरून हलत नाहीत.