दक्षिणेकडे पाय

माझ्या नणंदेसारखं झोपणारं माणूस आमच्या किन्हीराजापासून थेट सिडनीपर्यंत दुसरं नाही. दोन्ही गावं मी स्वतः पाहून आले आहे, म्हणून हे ठासून सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकरात होती. पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर डोकं टाकून अशी झोपली, की पंगती उठून गेल्या तरी नव्या नवरीला जेवायला उठता येईना. पुढे मोठी झाली, झोप काही कमी झाली नाही. मळणीयंत्र घडघडत असताना ती सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशाच्या ढिगावर, झोपायची. एसटीत दांडी धरून उभ्याउभ्या झोपायची. वाशिमकडच्या मालेगावहून बाजार करून निघाली की आमचं गाव मागे टाकून हमखास शेलूबाजारला उतरायची. तिथून फोन यायचा, "वैनी, गाव निंघून गेलं वो." जसं काही गावच हललं होतं. मी म्हणायचे, "गाव इथंच हाय, तूच निंघून गेली." पण तिला ते कधी पटलं नाही.

एवढी झोप असून तिला एक गोष्ट मात्र चालायची नाही. पाय दक्षिणेकडे करून झोपणं. ती यमाची दिशा, मेलेल्या माणसाला तसं ठेवतात, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण आपली खाट नीट लावली की लोक गप्प बसतात. ही बाई गप्प बसायची नाही. आसेगावला एका लग्नात दुपारचं जेवण करून पाहुणे मांडवात आडवे झाले होते. हिने बघितलं तर अर्धी रांग दक्षिणेकडे पाय करून घोरते आहे. झालं. एकेकाचे घोटे धरून तिने माणसं फिरवायला सुरुवात केली. नवरदेवाचा बाप दचकून उठून बसला. "ओ बाई, मी मेलो काय?"

"मेले नाई, म्हून त फिरवून राह्यली. झोपा आता."

तो बिचारा झोपला.

झोपेचं तिला वेड होतं त्याचं कारण स्वप्नं. मला कधी स्वप्न पडत नाही. मी पडले की सकाळीच उठते. तिची झोप म्हणजे भरलेला बाजार. त्यातून तिचा नवरा, आमचे इंझोरीचे जावई, वारल्यापासून तर रोजचं येणंजाणं सुरू झालं. जावई स्वप्नात यायचे, तुरीला पाणी दिलं का विचारायचे, आणि निघून जायचे. एकदा म्हणाले, बकरी दोन पिल्लं देईल. बकरीने एकच दिलं. ही दिवसभर गोठ्यात दुसरं शोधत राहिली, आणि शेवटी शेजारणीकडे बघून म्हणाली, "कोनं नेलं, मले समजते." शेजारीण आठवडाभर बोलत नव्हती. जावई गेल्यावर ती आमच्याच शेजारच्या खोलीत राहायला आली होती. सकाळी चहा घेऊन माझ्या दारात बसायची आणि रात्रीचं सगळं सांगायची. मी भाजी निवडत "हूं" म्हणायचे. असं आमचं चाललं होतं.

मग तिच्या पोराने बोलावलं. तो सिडनीला नोकरी करतो. म्हणाला, आधी जहाजातून फिरू, बेटं बघू, आणि मग आई, तू इथंच राहा, एकटी कशाला राहतेस तिकडं. ही म्हणाली, "वैनी येईन त मी येईन." म्हणून त्याने दोघींची तिकिटं काढली. मला फोनवर म्हणाला, "मामी, आईचे गुडघे दुखतात ना, म्हून बिझनेस क्लास केलं. खुर्चीची खाट होते. मुंबईपासून झोपत या." मी मनात म्हटलं, हिला जन्मात पहिल्यांदा हिच्या लायकीची जागा मिळाली.

विमानात बसलो. खुर्ची कसली, आमच्या ओट्याएवढी ऐसपैस. पांघरूण, उशी, पायात घालायला मोजे. खाली समुद्र दिसला, तेव्हा ती काचेला नाक लावून म्हणाली, "जवसाचं वावर फुललं वाटते." खरंच तसाच निळा होता. जेवण झालं, आणि भर दुपारी खिडक्या झाकून त्यांनी रात्र केली. विमानात जेवण वाढणाऱ्या पोरीने बटण दाबून खाट करून दिली. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यात एक बारीक विमान खाली खाली चाललं होतं.

"वैनी, खाली मंजे कोनती दिशा?"

मी चौथीपर्यंत शिकले आहे. नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण, एवढं मला येतं. येत होतं म्हणून सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

ती ताडकन उठून बसली. विमानाचं तोंड दक्षिणेला, सगळ्यांचे पाय विमानाच्या तोंडाकडे. म्हणजे अख्खं विमान यमाकडे पाय करून झोपलेलं. अंधारात तिने मान उंचावून रांगेवरून नजर फिरवली. "वैनी, हे जित्ते हायेत ना?" पलीकडे एक सुटाबुटातला माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता. ही त्याच्या घोट्यांकडे बघायला लागली तशी मी तिचा पदर धरला. "आसेगाव नाही हे. बस खाली."

ती बसली, पण उशी उचलून तिने पायांकडे नेली. पाय घालायला जो खोका असतो, त्यात डोकं घातलं, आणि उशीच्या जागी पाय ठेवले. पोरगी पाणी घेऊन आली, तर पुढ्यात दोन मोजे. "आंटी, सर इधर रखिए ना."

खोक्यातून आवाज आला, "बेटी, उधर पैर करने से आदमी मर जाता. तू बी मत सोना."

पोरगी हसली, पण जाताना तिने एकदा नकाशाकडे बघितलं, हे मी पाहिलं.

एवढं करूनही बाईला झोप आली नाही. बैलगाडीत, एसटीत, कुटारावर झोपणारी बाई त्या मऊ खाटेवर टक्क जागी. थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून मला म्हणाली, "वैनी, म्या ठरोलं हाये. जहाजात हे सपनात आले, त मी पोराजवळ राहीन. नाई आले, त तुह्यासंगं वापस. त्यायले वाट सापडली पायजे. एवढ्या लांब मानूस येते का?"

"मेलेल्या मानसाले पासपोर्ट लागत नाही," मी म्हणाले. वरून म्हणाले. आतून मला खात्री होती, की उभ्या जन्मात वाशिमच्या पुढे न गेलेला माणूस सिडनीचा समुद्र शोधू शकणार नाही. मी निवांत झोपले.

जहाजावर तिने दिशा शोधायचा फार प्रयत्न केला. पण जहाज सारखं वळायचं. सूर्य एकदा डावीकडे, एकदा पाठीशी. शेवटी ती कंटाळली. "ह्या जहाजाले दिशाच नाई, मंग यमाले तरी काय समजीन," असं म्हणून एका दुपारी ती वरच्या मजल्यावर लांब खुर्चीत पडली आणि जहाजाच्या झुलण्यात लहान लेकरासारखी झोपून गेली. तिचा पोरगा आईचं तोंड बघत बसला. मीही बसले. चारही बाजूंना पाणी, आवाज काही नाही. तिचे पाय कुठे आहेत, कोणी बघितलं नाही.

चहाच्या वेळी तिने डोळे उघडले. "आले व्हते."

"काय म्हणाले?"

"धोतर वर धरून उभे व्हते. म्हने, लई पानी हाये वो इथं. एवढं पानी असून तूर काहून नाई पेरली कोनं?"

असं जावयांशिवाय कोणी बोलणार नाही. मी म्हणाले, "चहा घे, थंड होऊन राह्यला." पोरगा आईचा हात धरून बसला होता.

मी एकटी परत आले. आता सकाळी दारात कोणी बसत नाही, भाजी लवकर निवडून होते. ती तिकडे मजेत आहे. बसमध्ये झोपते आणि भलत्याच थांब्यावर उतरते, असं भाचा सांगतो.

मागच्या आठवड्यात मला स्वप्न पडलं. परकरातली एक पोर माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपलेली होती, आणि मला उठता येत नव्हतं. बाकी काही नाही. सकाळी मी फोन केला आणि सांगितलं. ती जराही चकित झाली नाही.

"हो, आलती ना मी," ती म्हणाली. "तू झोपली व्हती, म्हून उठोलं नाई."