वरच्या पट्टीतला माणूस

बुवांचा नवा अल्बम आला त्या दिवशी मी कोर्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तर घरी पाहुणे येणार आहेत असं खोटंच सांगितलं. बावन्न वर्षांची बाई, बीडच्या कोर्टात टंकलेखक, आणि गाणी ऐकायला रजा घेते, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

बुवा आमच्या भागातले गायक. भजनं, गवळणी, भारुडं आणि त्यांनी स्वतः रचलेली गाणी. कॅसेटच्या काळात लग्नाच्या मांडवात, काळीपिवळीत, पिठाच्या गिरणीत त्यांचाच आवाज असायचा. कडवं खालून सावकाश सुरू करायचे आणि शेवटच्या ओळीला एकदम वर चढायचे. वर गेल्यावर तिथं थांबायचे. ऐकणारा आपला श्वास धरून बसायचा.

माझ्या वडिलांना लकवा मारला तेव्हा त्यांची वाचा गेली. दोन वर्षं ते खाटेवर होते. बुवांची कॅसेट लावली की त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरायची. त्या दोन वर्षांत ते माझ्याशी बोलले असतील तर एवढंच. म्हणून बुवांबद्दल कुणी वाकडं बोललं की मला घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. पुढं मी जे केलं त्यामागं हे होतं. पण तेवढ्यानं ते बरोबर ठरत नाही.

कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, बुवांनी नवीन काही काढलं नाही. बारा-तेरा वर्षं नुसती जुनीच गाणी एकमेकांना पाठवत आम्ही दिवस काढले. त्यातूनच मोबाइलवर एक ग्रुप तयार झाला. मी अॅडमिन. शिक्षक होते, ड्रायव्हर होते, युसूफ वडगाव या गावचे एक मोबाइल दुकानदार होते, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. आणि आष्टीकडचे एक मेंढपाळ होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांना लिहिता फारसं येत नव्हतं, ते बोलून पाठवायचे. त्यांच्या बोलण्यामागं मेंढरांचं ओरडणं आणि वाऱ्याचा आवाज असायचा. गळ्यात छोटा स्पीकर अडकवून रानोमाळ बुवांची गाणी लावत हिंडणारा माणूस. बुवांनी कोणत्या कॅसेटमध्ये कोणत्या ओळीला खोकला दाबला, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

नवा अल्बम पेनड्राइव्हवर आला. आठ गाणी. बसस्टँडजवळच्या दुकानातून मी तो घेतला आणि दुपारी दार लावून ऐकत बसले. पहिली चार गाणी ऐकताना डोळे भरून आले. आवाज थकला होता, थोडा घोगरा झाला होता, पण माणूस तोच. पाचवं गाणं सुरू झालं. शेवटच्या कडव्याला आवाज वर चढला, आणि मला कुठंतरी खटकलं. वरचा सूर फारच स्वच्छ होता. वय नसल्यासारखा. मी ते गाणं पुन्हा लावलं नाही. आजकालची मशिनं काहीही करतात, असं मनाशी म्हटलं आणि सहाव्या गाण्याकडं गेले.

अल्बम चांगला खपला. दादांनी दुकानातल्या रिकाम्या खोक्यांचे फोटो टाकले. केजला माल संपला, अंबाजोगाईला संपला, अशा बातम्या येऊ लागल्या. ग्रुपमध्ये आनंदीआनंद. मग कुणीतरी लिहिलं की एका पुढाऱ्यानं वाढदिवसाला वाटण्यासाठी खोक्यानं पेनड्राइव्ह उचलले आहेत, तो खप खरा धरायचा का? लगेच दोन पार्ट्या पडल्या. वाटलेल्या पेनड्राइव्हवरची गाणी पुसून लोक त्यात डीजेची गाणी भरतात, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, कुणी का घेईना, बुवांच्या घरात चार पैसे गेले ना. एका शिक्षकांनी जुन्या आणि नव्या बुवांची तुलना करणारा लांबलचक मजकूर लिहिला, तो कुणी वाचला नाही. आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मामा तोवर गप्प होते. मग एका सकाळी त्यांचा आवाज आला.

"खपलं खपलं काय लावलंय? खपतो तर गुटखाबी. मला एक सांगा, पाचवं गाणं कुणी नीट ऐकलं का? वरच्या पट्टीत गेलं की तिथं माणूस बदलतो. ते बुवा न्हाईत."

दहा मिनिटांत चाळीस मेसेज आले. दादांनी विचारलं, "काहून बोलता असं, मामा? पुरावा काय?"

"पुरावा कानाला हाय. बुवा वर जायच्या आधी नाकानं दम घेतेत. लहान पोर रडायच्या आधी घेतं तसा. तीस वर्षं ऐकतोय मी. ह्यात दमच न्हाई. सरळ वर. आन आठव्यातबी तेच केलंय."

मी तेव्हा कोर्टात होते. टेबलाखाली मोबाइल धरून हळू आवाजात ऐकलं आणि तो पटकन पर्समध्ये टाकला. कारण मामा म्हणत होते ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ग्रुपमध्ये शिव्यांचा पाऊस सुरू झाला. बुवांच्या म्हातारपणावर डाग लावतो, जळतो, कुणीतरी पैसे दिले असतील. एकानं लिहिलं, "तुझ्या मेंढरांना जाऊन सांग बे, गाण्यातलं तुला काय कळतं?" त्याला बऱ्याच जणांनी हसण्याची चित्रं टाकली.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या ग्रुपतर्फे बुवांचा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र मीच टाइप केलं होतं. दादांचा फोन आला. "ताई, त्या मामाला काढा ग्रुपमधून. बुवांचा पोरगा ग्रुपात हाय, त्यानं मनावर घेतलं तर सत्कार ऱ्हायला बाजूला."

मी मामांना काढलं. मेंढरांना सांग म्हणणाऱ्याला काढलं नाही. त्याला समजसुद्धा दिली नाही. एक बोट लावलं, आणि एवढी वर्षं आमच्यात असलेला माणूस बाहेर गेला. मामांनी मला फोन केला नाही. केला असता तर मी उचलला नसता.

बुवांचं गाव युसूफ वडगावपासून जवळच. रविवारी मी, दादा आणि आणखी दोघं गेलो. बुवा ओसरीत खुर्चीवर बसले होते. फार वाळले होते. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. त्यांचा मुलगा उत्साहानं सगळीकडं फिरत होता, फोटो काढत होता. सत्कार झाला. दादांनी खपाचं सांगायला सुरुवात केली, कुठं किती दिवसांत माल संपला ते. बुवा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष तिथं नव्हतं.

"लोकांना कोणतं गाणं आवडलं?" त्यांनी मध्येच विचारलं. बोलतानाही आवाज फुटत नव्हता.

"पाचवं!" दादा म्हणाले. "शेवटी जे वर जाता तुमी, अंगावर काटा येतो."

बुवांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं मुलगा सगळ्यांना नवीन गाडी दाखवायला अंगणात घेऊन गेला. मी मानपत्र नीट ठेवायला मागं राहिले. बुवांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, तू कोर्टात काम करतीस म्हणं. खरं सांगशील?"

"सांगेन बुवा."

"पाचव्यातलं वरचं माझं न्हाई. आठव्यातलंबी न्हाई. तीन दिवस स्टुडिओत उभा ऱ्हायलो, गळा चढंना. पोरानं एका शिष्याकडून तेवढं म्हणून घेतलं आन जोडलं. म्हणला, कुणाला कळत न्हाई." ते थांबले, धाप लागली होती. "कुणालाच कळलं न्हाई का?"

मी म्हणाले, "नाही बुवा. कुणालाच नाही."

म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही, सत्काराच्या दिवशी तर नाहीच, असं वाटलं म्हणून बोलले. त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. बुवांनी माझ्याकडं बघितलं. "कुणालाच न्हाई?" ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. मग तोंड भिंतीकडं फिरवलं आणि उपरण्यानं नाक पुसलं. चहा आला तो त्यांनी घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये दादा युसूफ वडगावला उतरेपर्यंत फोटो टाकत होते. मी खिडकीशी बसले होते. केज मागं पडल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या माणसानं काय विचारलं होतं. आयुष्यभर ज्या आवाजासाठी झिजले, तो ओळखणारं कुणी उरलंय का, एवढंच त्यांना हवं होतं. होतं, एक माणूस होता. त्याला मी काढून टाकलं होतं. आणि दुसरी मी होते, समोर बसलेली, माझंही मी सांगितलं नव्हतं.

 चार दिवस कोर्टात जबाब टाइप करताना चुका होत राहिल्या. पाचव्या दिवशी मामांना फोन लावला. त्यांनी उचलला.

"कुठं आहात मामा?"

"कडा गावाजवळ. कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवलीत." खतासाठी शेतकरी असे मेंढपाळांना रानात बोलावतात.

मी एसटीनं गेले. कड्याला उतरून रिक्षा केली. मामांना मी पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला वाटायचं त्यापेक्षा ते उंच होते आणि वयानं कमी, फार तर माझ्याएवढे. त्यांच्या बायकोनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मलाही कळलं होतं हे, काढून टाकलं ते, आणि बुवांनी काय विचारलं ते. मामा ऐकताना जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते.

"मंग तुमी काय म्हणलात?"

"कुणालाच कळलं नाही म्हणाले."

काडी थांबली. त्यांना ग्रुपमधून काढल्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नव्हते. आता मात्र त्यांचा चेहरा लाल झाला.

"ताई, हे लई वंगाळ केलं तुमी. त्या माणसाला काय वाटलं आसंल? एवढं गायलो ते कुणासाठी, बहिऱ्यांसाठी?"

मला रडू आलं. त्यांची बायको म्हणाली, "आवो, आसं का बोलता? त्या येवढ्या लांबून आल्यात." मामा उठून मेंढरांकडं गेले. बऱ्याच वेळानं परत आले आणि म्हणाले, "परवा मला घिऊन चला. म्या सांगतो त्यांना."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुवांच्या ओसरीवर होतो. मुलगा घरीच होता. मामांचा आवाज त्यानं ओळखला असावा, कारण त्यांनी राम राम घालताच त्याच्या कपाळावर आठी पडली. मामा सरळ बुवांच्या पायाशी बसले.

"बुवा, पाचव्यात तुमी दम घेतला न्हाई."

मुलगा म्हणाला, "काय बोलता तुम्ही? कुणी आणलं यांना?" पण बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते पुढं वाकले.

"कुठला दम?"

"नाकानं घेता तो. वर चढायच्या आधी."

बुवा हसू लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी ते हसतच होते. "आन आठव्यात?"

"आठव्यातबी न्हाई. पर दुसऱ्यात हाय. दुसऱ्याच्या मधल्या कडव्याला तुमचा सूर जरा खाली घसरतो. त्ये मला लई आवडलं."

मुलगा आत निघून गेला. भांडं आपटल्याचा आवाज आला. बुवांनी मामांचा हात हातात घेतला आणि मग माझ्याकडं वळले.

"तू तर म्हणलीस, कुणालाच न्हाई."

 मामा माझ्या मदतीला आले नाहीत, आणि त्यांनी यावं असा माझा हक्कही नव्हता. त्यानंतर बुवा दुपारभर मामांशी बोलले. कोणती कॅसेट कुठं भरली, कोणत्या ढोलकीवाल्यानं कसा दगा दिला, मेंढरं पावसाळ्यात कुठं नेता. माझ्याशी एकदाच बोलले, निघताना.

"ग्रुपात लिहू नको हे. पोरानं माझ्यासाठीच केलं. त्याचं नाव जाईल."

"पण मामांना सगळे खोटं समजतात," मी म्हणाले.

बुवांनी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "समजू द्या."

लिहिणार नाही असा मी शब्द दिला, आणि लिहिलं नाही. मामांना पुन्हा ग्रुपमध्ये घेऊ का, असं बसमध्ये विचारलं. ते म्हणाले, "नको ताई. गाणी हायती की माझ्याकडं." बीडच्या स्टँडवर कड्याची गाडी लागली होती. ते मागं न बघता चढले.

मेंढरांना सांग म्हणणाऱ्याला मी त्याच संध्याकाळी ग्रुपमधून काढलं. फार उशीर झाला होता, आणि का काढलं हेही मला सांगता येत नव्हतं.  काही दिवसांनी मी अॅडमिनपद दादांकडं दिलं.

अल्बम अजून विकला जातो. पाचवं गाणं सगळ्यात जास्त वाजतं. मधूनमधून वाद निघतो, खप खरा की वाटलेला, जुने बुवा मोठे की नवे, आणि कधीतरी कुणीतरी लिहितं की एक वेडा मेंढरंवाला होता, आठवतो का? मग हसण्याची चित्रं येतात. मी ती वाचते. बुवांना दिलेला शब्द मोडता येत नाही, आणि मामांवरचा आळ उतरवता येत नाही. मामा महिन्यातून एकदा बुवांकडं जातात, असं दादांच्या बोलण्यातून कळलं. मला त्यांनी कधी सोबत बोलावलं नाही.