जपानची सायकल, मुक्काम यावल

रघू सायकलवरून उतरणार नव्हता, आणि तो बसलेला असतानाच मला त्याच्या सायकलची कॉटर पिन बदलायची होती. यावलच्या बाजाराच्या मैदानात, भर दुपारी, शे-दीडशे लोकांसमोर.

कॉटर पिन म्हणजे पेडलचा दांडा मधल्या अ‍ॅक्सलला पकडून ठेवणारा बोटाएवढा खिळा. तो झिजला की दांडा डुगडुगतो. तुटला की पेडल फिरतं आणि सायकल जागेवर.

रघू सात दिवस सायकलवर राहण्याचे खेळ करायचा. जेवण, दाढी, अंघोळ, सगळं सायकलवर. पाय जमिनीला लागला की खेळ संपला. सातव्या दिवशी गाव नोटांचे हार घालतं. मध्येच पाय टेकला तर तेच गाव शिट्ट्या मारून घरी जातं. आज पाचवा दिवस होता.

ही सायकल मीच बनवली होती. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. जळगावात माझं सायकलचं दुकान. कुणाच्या बापाच्या जिवावर काढलेलं नाही. पंक्चर काढत काढत उभं केलेलं. रघूचा मॅनेजर बन्सीभाऊ धुळ्याकडचा. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही चालू नाही. तो रघूला घेऊन दुकानात आला.

"मिस्तरी, टीव्हीवर पोरं उड्या मारतात ती बीएमएक्स पाहिजे. कंपनीच्या निम्म्या पैशात."

बीएमएक्स म्हणजे वीस इंची चाकांची, ठेंगणी, दणकट सायकल. हँडल उंच, त्याला मध्ये आडवी दांडी. कंपनीची मी उघडून पाहिली होती. प्लॅस्टिक, फोम आणि स्टिकर जास्त, लोखंड कमी. उड्या मारायला नाही, वाढदिवसाला द्यायला.

तासभर घासाघीस झाली. मी दोनदा त्याला दुकानाबाहेर काढलं, तो तीनदा परत आला. शेवटी म्हणाला, "मजुरी सोडा. त्या बदल्यात दर तासाला माईकवर तुमचं नाव. सात दिवस, चोवीस तास. हिशोब करा."

मी केला. इतकी जाहिरात जळगावच्या कापड दुकानदारालाही परवडली नसती. मी मजुरी सोडली.

लहान मुलांच्या सायकलची फ्रेम घेतली आणि तिला जास्तीचा पाइप वेल्डिंग केला. हँडलचा पाइप भुसावळच्या भंगारातून आणला. तो नुसता वाकवला तर चेपतो, म्हणून आत तापीची कोरडी वाळू ठासून भरली, मग वाकवला. स्पोक दूधवाल्यांच्या सायकलला असतात ते जाड. दांड्यांवरचा फोम रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून शिवून घेतला. रघूने दुकानासमोर तीन उड्या मारल्या. चौथीला ट्रॅफिक पोलीस आला.

एकच गोष्ट राहिली होती. मी म्हणालो, "कॉटर पिन पोलादाची टर्नरकडून करून घेऊ. उड्यांनी बाजारची पिन दबेल."

"खिळ्याले काय सोनं लागस का?" बन्सीभाऊ तावातावाने अहिराणीत आला. "हायच ठोका."

मलाही राग आला. ठोकली. ही माझी चूक. रागात बसवलेला पार्ट कधी टिकत नाही.

पाचव्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला: पेडल डुगडुगतंय, ताबडतोब या. मी हत्यारं आणि पोलादाची पिन घेऊन यावलला उतरलो. स्टँडवरच माईक ऐकू आला. "पाहा, पाहा! खास जपानहून मागवलेली बीएमएक्स!"

मी तडक मंडपात गेलो. "बन्सीभाऊ, जपानला माझं दुकान कोणत्या गल्लीत आहे?"

तो माईकवर हात ठेवून हळूच म्हणाला, "तापू नका, भाऊ. जपाननी शे म्हटलं म्हणजे लोके येतस. जळगावनी सायकल देखाले कोन येई?"

"सौदा काय होता?"

"माईकवर नाव लिसूत ना. सातव्या दिवशी."

मी मैदानात गेलो. सायकलच्या पोटाखाली सोडावॉटरचा क्रेट लावला, दोघांना हँडल धरायला सांगितलं. रघूने पाय वर दांडीवर घेतले. मी हातोडी काढली आणि क्रेटवरच ठेवली.

"आधी माईकवर माझं नाव. मग पिन."

लोकांना हा खेळ जास्त आवडला. कुणीतरी ओरडलं, "मिस्तरी, सोडू नका!" बन्सीभाऊ तिथून हात जोडत होता, मी इथून मान हलवत होतो. भाव चांगला चढला होता.

"मिस्तरी," रघू पुटपुटला. डोळे लाल, ओठांना भेगा. "भांडण नंतर करा. सायकल चालू असली की जागा राहतो. थांबलो की झोप येते."

"दोन मिनिटं."

रघूची मान छातीवर आली आणि डावा पाय दांडीवरून घसरला. जमीन वीतभर राहिली असेल. मी हातोडी सोडून खाली तळवा घातला. त्याची टाच माझ्या हातावर पडली.

त्यानंतर मी काही मागितलं नाही. एकाला त्याच्या तोंडावर पाणी मारायला सांगितलं. खाली लोखंडी ठोकळा धरून दबलेली पिन ठोकून काढली, पोलादाची बसवली, नट आवळला. रघू निघाला. पहिल्याच फेरीत त्याने उडी मारली. टाळ्या पडल्या.

आणि बन्सीभाऊने शब्द पाळला. दोन दिवस, दर तासाला: "जपानची सायकल दुरुस्त करणारे जिल्ह्यातले एकमेव कारागीर, प्रल्हाद मिस्तरी, जळगाव!"

रघूने सात दिवस पुरे केले. दुकानात मात्र रांग लागली ती जपानी ट्रान्झिस्टर, जपानी शिलाई मशीन आणि मुक्ताईनगरहून एक जपानी मनगटी घड्याळ घेऊन आलेल्यांची. बीएमएक्स बनवून द्या, असं कुणीही म्हणालं नाही.

महिन्याने एक केळीचा व्यापारी आला. "यावलला होती तसली जपानी मागवून द्या. पैशाचं बोलू नका."

मी बोललो. कंपनीच्या दुप्पट सांगितले, त्याने हूं की चूं केलं नाही. पंधरा दिवस लागतील म्हणालो. तापीची वाळू, भंगारचा पाइप, दूधवाल्यांचे स्पोक. आठ दिवसांत झाली, आणखी सात दिवस पोत्याखाली झाकून ठेवली. जपान लांब आहे.

पुढे अशा तीन गेल्या. मजुरीच्या बदल्यात नाव घ्यायचं असेल, तर वाक्य आधी कागदावर लिहून घ्यावं, एवढं मी शिकलो. त्या तिन्हींवर माझं नाव कुठेच नाही. कॉटर पिन मात्र तिन्हींना पोलादाची आहे.