बिनखिळ्याची मांडणी

वीज गेली तरी दिवे चालावेत म्हणून इंदापूरकडच्या साखर कारखान्यात काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या आल्या. त्यांच्यासाठी मी आणि वडलांनी सागवानी मांडणी केली. कारखान्याच्या साहेबांची अट एकच, लोखंडी खिळा नको. का, ते काही सांगेनात. मला चैन पडेना. शेवटी लाकडी खुंट्या ठोकल्या.

बरण्या मांडणीवर चढल्या, तारा जोडल्या. काम संपलं की त्यावर हत्यार ठेवून हळदकुंकू वाहायचं, ही आम्हा सुतारांच्या घरची रीत. वडलांनी लाकूड तासायची लोखंडी पटाशी आडवी ठेवली, ती नेमकी बॅटरीच्या तारा जोडलेल्या दोन शिशाच्या टोकांवर. लख्खकन ठिणगी उडाली आणि पात्याला खाच पडली.

साहेब ओरडले. वडील खाच निरखत म्हणाले, "खिळा का नको, ते पटाशीनं सांगितलं. तुमी सांगितलं असतं, तर तिची धार ऱ्हायली असती."